मोटा नहीं खाता, साब!

आमच्या भालकी-औरादकडे लग्नपत्रिका आधी वाचत नाहीत, दाबून बघतात. पत्रिका हातात पडली की अंगठा आणि तर्जनीत धरून कोपरा हलकेच वाकवायचा, सोडल्यावर तो टणकन जागेवर येतो का ते पाहायचं आणि मग "हं" म्हणायचं. त्या एका "हं"मध्ये पाहुण्यांची शेती बागायती की कोरडवाहू, जेवणात गोड काय असणार आणि आहेर किती करायचा, एवढं सगळं ठरून जातं. वधूवरांची नावं वगैरे नंतर सवडीनं. गेल्या उन्हाळ्यात एका घरची पत्रिका हाताला मऊ लागली, तर शेजारच्या आजी म्हणाल्या, "कागदच असला, तर वरण कसलं असंल?" कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्या मुलखात कुणाच्या वरणावर शंका घेतली की पुढच्या दोन पिढ्यांची सोयरीक अडते.

तर पत्रिका जाड हवी. शिवाय मोठी हवी, कारण तिच्यात माणसं फार असतात. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद इकडे म्हैसूर राज्यात आले. सोयरिकींची पुनर्रचना मात्र कुणी केली नाही. आत्या निलंग्याला, मावशी उदगीरला, मुलगी दिली आळंदला आणि सून आणली बसवकल्याणहून. म्हणून पत्रिकेची एक बाजू मराठी, दुसरी कानडी. वडिलांचे हैदराबादचे जुने स्नेही हयात असतील तर उर्दूच्या चार ओळी. बंगळुरूतल्या नातवंडांसाठी इंग्रजी, पण ती मोबाइलवर.

वर देव. मैलारचा खंडोबा, माणिकनगरचे माणिकप्रभू, हुमनाबादचा वीरभद्रेश्वर, गाणगापूरचे दत्तमहाराज, आणि मुलीकडचे कलबुर्गीचे म्हणून शरणबसवेश्वर. यातला एकही वगळायची कुणाची छाती नाही. त्याखाली आजोबा-पणजोबा, मग मामा मंडळी, मग सरपंच, चेअरमन, माजी चेअरमन, आणि सर्वांत शेवटी "आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं" म्हणणारी बारा-पंधरा पोरं. त्यातलं एखादं पोर अजून जन्मायचं असतं. त्याच्यासाठी मोकळी जागा सोडतात.

हे सगळं छापायची आमच्याकडची रीत जुनी. शिवकाशीहून किंवा हैदराबादच्या छत्ता बाजारातून चित्रंबित्रं छापलेली कोरी कार्डं येतात. प्रेसमध्ये त्यांचा अल्बम असतो. बायका तो अल्बम साड्या बघितल्यागत बघतात, एक कार्ड पसंत करतात, दुसऱ्या दिवशी नापसंत करतात, आणि मग प्रेसवाला त्यावर आपला मजकूर छापून देतो. मजकुराला 'मॅटर' म्हणतात. मॅटर दिलं की प्रेसवाला "उद्या या" म्हणतो. हा उद्या आमच्याकडे बराच लांब असतो. थोरल्या पुतणीच्या लग्नात तो उद्या उगवला तेव्हा पत्रिकेवर "अगत्य येण्याचे करावे"च्या जागी "अगत्य देण्याचे करावे" असं छापून आलं होतं. चूक एका अक्षराची. पण आहेर त्या वर्षी भरपूर आला, म्हणून भावानं तक्रार केली नाही.

धाकट्या पुतण्याचं ठरलं तेव्हा आमच्या सूनबाईनं सांगितलं, "मामा, या वेळी घरी छापू." सूनबाई मला मामा म्हणते. ती उदगीरची, डीटीपी शिकलेली. श्रीलिपी, नुडी आणि इनपेज, म्हणजे मराठी, कानडी आणि उर्दू, अशी तिन्ही दुकानं ती एका कॉम्प्युटरवर चालवते. तिचा विचार एका लग्नापुरता नव्हता. पत्रिका, बारशाची कार्डं, वास्तुशांती, शाळांची प्रशस्तिपत्रकं, व्हिजिटिंग कार्ड, सगळं घरूनच. तिनं एका चिठ्ठीवर लिहून दिलं: "कागद 300 जीएसएम. दोन्ही बाजू. सीझनला रोज दोनशे-तीनशे." आणि प्रिंटर कुठला घ्यायचा ते बघायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात निवृत्त मीच.

मी मास्तर. आयुष्यभर तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा कागद असा होता की पलीकडची चूक अलीकडून दिसायची. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, हे मला सूनबाईनंच समजावलं. झेरॉक्सचा नेहमीचा कागद 70-80. पत्रिकेचा 250-300. म्हणजे चौपट. हे समजल्याबरोबर मी ते सगळ्यांना सांगत सुटलो, आणि तिथूनच सल्ले सुरू झाले.

प्रिंटर घ्यायचाय म्हटलं की नात्यातला प्रत्येक पुरुष तज्ज्ञ होतो. पुण्याचे मेहुणे फोनवर म्हणाले, "भावजी, वाय-फाय आहे का तेवढं बघा."

"पण जाड कागद चालायला हवा."

"वाय-फाय असलं की सगळं चालतं."

बंगळुरूचा भाचा म्हणाला, "मामा, मोबाइलवरून प्रिंट जायला पाहिजे." वीज खात्यातून निवृत्त झालेले शेजारी म्हणाले, "स्कॅनर सोडू नका सर, पुढं कामाला येतो." त्यांच्याकडे स्कॅनरवाला प्रिंटर आहे. नातवाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला. प्रोजेक्ट झालं, शाई वाळली, आणि आता त्या स्कॅनरच्या सपाट झाकणावर लोणच्याच्या बरण्या असतात. पुढं कामाला येतो हे खरंच होतं. एक गोष्ट माझ्या लक्षात आली: ज्याच्या घरी जो प्रिंटर बंद पडलेला आहे, तोच घ्या असं तो छातीठोकपणे सांगतो. चालू प्रिंटरवाले कधी सल्ला देत नाहीत. ते छापत असतात.

चिठ्ठी मी सगळ्यांना दाखवली. सगळ्यांनी वाचली आणि किंमत विचारली.

बिदरच्या दुकानात मी पिशवीत नमुन्याचं कार्ड घेऊनच गेलो. दुकानदार तरणा, बोलायला गोड. त्यानं चार यंत्रं दाखवली आणि प्रत्येकातून तोच एक पोपट छापून दाखवला. हिरवागार, लालचुटुक चोचीचा. मी म्हटलं, पोपट छान आहे, आता या कार्डावर छापा. त्यानं कार्ड हातात घेतलं, अंगठ्यानं दाबलं (आमच्याकडे दुकानदारसुद्धा दाबतात) आणि पुन्हा माझ्या पिशवीत ठेवलं.

"मोटा नहीं खाता, साब."

"कायकू नहीं खाता?"

"पेट में घूम के आता ना कागज. मोटा घूमताच नहीं."

आयुष्यभर मी भूमितीतलं वर्तुळ शिकवलं, पण प्रिंटरचं पोट मला या पोरानं शिकवलं. बहुतेक घरगुती यंत्रांत कागद खालच्या पुढच्या ट्रेमध्ये ठेवतात. रूळ तो आत ओढतो, मागच्या बाजूला पूर्ण उलटा वळवतो आणि वरून बाहेर काढतो. साधा कागद वळतो. 300 जीएसएमचं कार्ड वाकायला तयार नसतं, म्हणून तर ते लग्नाला चालतं! आम्हाला न वाकणारा कागद हवा आणि यंत्राला वाकणारा, असा तो पेच. मी हट्ट केला तेव्हा त्यानं "वॉरंटी मेरी नहीं" म्हणून एक कार्ड घातलं. आतून कडकड असा आवाज आला, लाल दिवा लागला, आणि मागचं झाकण काढल्यावर कार्ड निघालं ते चुण्या पडलेलं. पोपट त्यावर होता. चोच फक्त मानेच्या मागे गेली होती.

मग कलबुर्गी. बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग 2017 च्या ऑक्टोबरात सुरू झाला, तेव्हापासून आमच्याकडे कुठलीही वस्तू बिदरला नाही मिळाली की "गुलबर्ग्याला बघू" म्हणायची सोय झाली आहे. गावाचं नाव 2014 साली बदललं, पण पत्रिकेत आम्ही अजून दोन्ही छापतो, नाहीतर सोलापूरचे पाहुणे पुढच्या स्टेशनवर उतरतात. तिथल्या दुकानदारानं लेझर प्रिंटर दाखवला. पाणी पडलं तरी अक्षर पुसत नाही, शाई वाळायची वाट बघायला नको, मिनिटाला वीस पानं. मी जवळजवळ पैसे काढलेच होते. तेवढ्यात सूनबाईच्या चिठ्ठीची आठवण झाली आणि विचारलं, जाड कागद?

"दप्पा पेपर होगल्ला, सार," तो प्रामाणिकपणे म्हणाला. माहितीपत्रकात बघितलं तर 163 जीएसएमपर्यंत. घरगुती लेझरपैकी कित्येकांची मजल तेवढीच असते. मागचं दार उघडून कागद सरळ बाहेर काढायची सोय काहींना असते, ती असेल तर थोडं पुढे जाता येतं. पण खरी गंमत पुढे होती. लेझरमध्ये शाई नसतेच. टोनरची भुकटी असते आणि फ्यूजर नावाचा तापलेला रूळ ती कागदावर वितळवून चिकटवतो. हा रूळ तापतो साधारण 200 अंशांपर्यंत. आमच्या शिवकाशीच्या कार्डावर सोनेरी वर्खाचा गणपती. दुकानदार म्हणाला, "सार, हा गणपती रुळाला चिकटून बसेल." पहिल्या कार्डावरचा गणपती रुळावर, आणि मग पुढच्या प्रत्येक कार्डावर थोडा थोडा गणपती. प्रसाद वाटावा तसा.

त्यानं एक जाडसर कागद छापून तो मधोमध दुमडून दाखवला आणि घडीवरून नख फिरवलं. घडीवरचा रंग तडकून पांढरी रेघ उमटली. आमच्या पत्रिकेत घडी बरोबर वराच्या नावावरून जाते. लग्नाआधीच नवऱ्याला तडा, हे आमच्या भावाला चाललं नसतं. शिवाय विजेचा प्रश्न. हा फ्यूजर तापताना एकदम एवढी वीज ओढतो की घरगुती इन्व्हर्टरवर लेझर लावूच नये. आमच्याकडे लग्नसराई मे महिन्यात आणि लाइट जाते तीही मे महिन्यात. म्हणजे लाइट असताना छापायचं, आणि लाइट असताना बायकोला मिक्सर लावायचा असतो.

येता येता हुमनाबादला एका ओळखीच्यानं आणखी एक वाट दाखवली. सेकंडहँड ऑफिस कॉपियर, हैदराबादहून आलेला. जाड कागद, दोन्ही बाजू, सगळं खातो म्हणाला. यंत्र पाहिलं आणि मला त्याच्याविषयी एकदम आपुलकी वाटली. कुठल्याशा कार्यालयात आयुष्य काढलेलं, बाजूला खरचटलेलं, सुरू करायला वेळ घेणारं, पण एकदा सुरू झालं की थांबत नाही असं. फक्त ते आमच्या दारातून आत येत नव्हतं. चौकट काढावी लागणार होती. मी घरी हळूच विषय काढला.

ही म्हणाली, "एक निवृत्त झालेलं आहे की घरात. आणखी कशाला?"

विषय संपला.

या सगळ्या फिरण्यात मी कलबुर्गीहून 300 जीएसएमच्या कागदाचं एक पुडकं घेऊन आलो होतो. सूनबाईनं ते उघडलं, कोपरा दाबला आणि म्हणाली, "मामा, हा तीनशेचा वाटत नाही." मी पुडक्यावरचा शिक्का दाखवला. ती म्हणाली, "सोळा पानं मोजून द्या." मला वाटलं, गुरुचरित्राचं काहीतरी असेल. पण ती ती सोळा ए-फोर पानं घेऊन थेट कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेली आणि काट्यावर ठेवली. दुकानदार म्हणाला, "ताई, रद्दी घेत नाही आम्ही." तिनं त्याला समजावलं, आणि तेव्हा मलाही समजलं: ए-फोरची सोळा पानं मिळून बरोबर एक चौरस मीटर भरतं. म्हणजे सोळा पानांचं जेवढे ग्रॅम वजन, तेवढा जीएसएम. काही आकडेमोड नको, सूत्र नको. काट्यावर आकडा आला 238.

दुकानदारानं पुन्हा ठेवलं. पुन्हा 238. त्याला हे फार आवडलं. साखर, डाळ, शेंगदाणे यांत मारता येणारं माप कागदातही मारता येतं याचं त्याला कौतुक वाटलं असावं. त्या दिवसापासून त्यानं गल्लीत आलेली प्रत्येक पत्रिका तोलायला सुरुवात केली. पत्रिका काही ए-फोर नसते, त्यामुळे हिशेब जुळत नाही. पण "तुमची तेवीस ग्रॅम, तुमच्या व्याह्यांची सव्वीस" एवढं कळलं तरी गल्लीला पुष्कळ झालं.

शेवटी प्रिंटर घेतला तो सूनबाईनं. बिदरलाच, त्याच पोपटवाल्याकडे. मी सोबत पिशवी धरायला होतो. तिनं वाय-फाय विचारलं नाही, स्कॅनर विचारला नाही. पहिला प्रश्न: "कागद मागून घालायचा का पुढून?" दुसरा: "मागून घातलेला कागद सरळ पुढं येतो का?" आणि तिसऱ्या वेळी तिनं प्रश्न न विचारता पर्समधून आमच्या कागदाची पानं काढून स्वतःच घातली. मागून उभा कागद घालायचा, तो जवळपास सरळ खाली उतरून पुढे येतो, असा शाईच्या टाक्यांचा एक इंकजेट होता, त्यानं सगळी पानं खाल्ली. दुकानातल्या पोरानं पोपट छापायला घेतला तर ती म्हणाली, "पोपट नको. ही फाइल छाप." आणि पेनड्राइव्ह दिला. त्यात आमच्या पुतण्याची पत्रिका होती. छापून आल्यावर पोरगा तिच्याकडे नुसता बघत राहिला. मी इतके दिवस दुकानदारांना जीएसएम समजावत होतो, आणि पत्रिका छापून बघावी हे काही केल्या सुचलं नव्हतं. निवृत्तीनंतरही मास्तर शिकवतच सुटतो, तपासणं मात्र सोडून देतो.

पोरानं तिला जाहिरात वाचून दाखवली: एका बाटलीत हजारो पानं. ती म्हणाली, "कसल्या पानांचा हिशेब आहे तो?" हे कोडं मीही नंतर समजून घेतलं. शाईचा असला हिशेब ज्या पानावर मांडतात, त्याचा जेमतेम पाच टक्के भाग छापलेला असतो. चार ओळींचं कोरडं पत्र समजा. आमच्या पत्रिकेत पाच टक्के तर नुसती मामा मंडळी खातात. वर देव, कडेला फुलं, मागे फिक्कट गुलाबी छटा, कोपऱ्यात केळीचे खांब. तेव्हा जाहिरातीतल्या हजारांना आपण घरी किती म्हणायचं ते ज्यानं त्यानं मामा मोजून ठरवावं.

आणि मग घरी छपाई सुरू झाली. एका वेळी जाड कागद वीसच्या आतबाहेर घालायचे, नाहीतर दोन एकदम आत जातात. दोन्ही बाजू आपोआप छापायची सोय जाड कागदाला बहुधा नसतेच. एक बाजू झाली की गठ्ठा हातानं उलटवायचा. हे उलटवायचं काम माझ्याकडे. पहिल्याच गठ्ठ्यात मराठी सरळ आली आणि कानडी डोक्यावर उभी. आळंदचे व्याही नेमके त्याच वेळी मानपानाचं बोलायला आले होते. त्यांनी कार्ड उलटलं, पुन्हा उलटलं.

"आमचं उलटं, तुमचं सुलटं?"

मी म्हटलं, "यंत्राची चूक आहे हो."

"मराठी कशी उलटी आली नाही यंत्राकडनं?"

आमचे निलंग्याचे मामा तिथंच बसले होते. ते म्हणाले, कानडी खालून वर वाचली तरी काय फरक पडतो. झालं! सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल 1967 सालचा, पण आमच्या ओसरीवर तो दर लग्नात नव्यानं सादर होतो. बेळगाव, निपाणी, खानापूर करत दोघं चहा येईपर्यंत 1956 पर्यंत मागे गेले. सूनबाईनं आत येऊन कॉम्प्युटरवर गठ्ठा लांब कडेवर उलटतो की आखूड कडेवर, एवढी एक खूण बदलली. दोन्ही भाषा सरळ उभ्या राहिल्या. दोघांनी पत्रिका पाहिली, दोघांनाही ती आवडली, आणि मग भांडायला दुसरा विषय शोधावा लागला.

तो लगेच सापडला. व्याह्यांनी कानडी मॅटर त्यांच्याकडच्या एका पोराकडून टाइप करून आणलं होतं. नुडीच्या जुन्या फॉन्टमधलं. त्या फाइलीत फॉन्ट बसला नाही तर कानडीच्या जागी इंग्रजी अक्षरं, पाउंडाची खूण, उलटं प्रश्नचिन्ह असलं काहीबाही दिसतं. तसं एक पान छापलं गेलं आणि ते नेमकं आमच्या आत्यानं उचललं. आत्याला कानडी येत नाही. तिनं ते जपून ठेवलं आणि गल्लीत दाखवलं, "मुलीकडचे किती शिकलेले बघा, नावंसुद्धा इंग्रजीत."

सगळ्यांत मोठी मजा शाईची. ऑफसेटसाठी केलेला चकचकीत आर्ट कार्ड इंकजेटची शाई पीत नाही. शाई वर नुसती बसून राहते. पहिल्या दिवशी आम्ही तोच वापरला, कारण तो घरात होता आणि 238 असला तरी पैसे दिलेले होते. बाजांवर, गच्चीवर, दिवाणावर, देवघरासमोर, उन्हाळ्यातले पापड वाळत घातल्यासारखी कार्डं पसरली. पंखा बंद, कारण उडतात. मे महिना, बिदरचं ऊन. सगळं घर घामाघूम होऊन पत्रिका वाळायची वाट बघत बसलं. गणपत कृष्णाजींनी 1831 साली मुंबईत पहिलं मराठी पंचांग छापलं, तेव्हा सोवळ्या लोकांना चालावं म्हणून त्यांनी शाईत चरबीऐवजी तूप घातलं, असं सांगतात. ती शाई तरी वाळत असेल का, असा विचार मी त्या दुपारी बराच केला.

आणि त्यातच माणसं यायची. आलेला माणूस पत्रिका उचलायचा, कोपरा अंगठ्यानं दाबायचा आणि "हं" म्हणायचा. जाताना अंगठा निळा. कुणी कुणी दोन-तीन पत्रिका दाबल्या, त्यांचा जांभळा. भालकीच्या बसस्टँडवर कुणीतरी आमच्या भावाला विचारलं म्हणे, "तुमच्या वॉर्डात पोटनिवडणूक झाली का हो?" धाकट्या नातवानं तर सबंध पंजा उमटवून दिला, कुंकवाच्या पंजासारखा. ती पत्रिका सूनबाईनं मुलीकडच्यांना मुद्दाम पाठवली. त्यांनी ती फ्रेम करून लावली आहे.

दुसऱ्या दिवशी न चकाकणारा, वरून काही न चोपडलेला कार्ड आणला. सोळा पानं काट्यावर ठेवूनच. 296 भरलं, किराणावाला म्हणाला, "चार ग्रॅम सोडा सर, हवेत जातं." त्या कागदावर शाई मुरली आणि हात लावायच्या आत वाळली. घडीच्या बाबतीत एक शिकलो: कागदाला तंतूंची दिशा असते. तिच्या बाजूनं दुमडला तर घडी स्वच्छ पडते, आडवा दुमडला तर कडेला कागद फुटतो. कळायला सोपं आहे. दोन्ही दिशांनी हलकेच वाकवायचा. जिकडे सहज वाकेल तिकडे घडी. आमच्या आजी हे अंगठ्यानं ओळखतात, त्यांना आधीपासून येत होतं. जाड कागदाची धूळ रुळांवर बसते, म्हणून अधूनमधून ओल्या फडक्यानं रूळ पुसावे लागतात. तेही माझ्याकडे.

पुतण्याच्या आठशे पत्रिका वेळेत झाल्या. "अगत्य येण्याचे करावे" अगदी तसंच छापलं, तेव्हा भाऊ थोडा हिरमुसला. आता बाहेरची कामं येतात. व्याह्यांनी त्यांच्या पुतणीची पत्रिका इथंच द्यायचं ठरवलंय, अट एकच: या वेळी कानडी बाजू वर.

तेव्हा वाचकहो, यंत्र कुठलंही घ्या. आम्हाला त्यात काही कमिशन नाही. जाताना आपला कागद घेऊन जा, आपली पत्रिका पेनड्राइव्हमध्ये घेऊन जा, आणि दुकानात पोपट छापू देऊ नका. ज्यांना एवढी यातायात नको, त्यांनी भालकीला आमच्याकडे या. 300 जीएसएम काट्यावर तोलून मिळेल. मॅटर मात्र घरून पक्कं करून आणा, म्हणजे आधी कुणाचे मामा आणि नंतर कुणाचे, ते घरीच भांडून ठरवा. इथे ओसरीवर भांडायला जागा नाही, कार्डं पसरलेली असतात.